बॉडी उचलून घरी येणाऱ्या माणसाला कसं सांभाळायचं: मिरगाच्या आधीपासून पुढच्या जुलैपर्यंत

तुमच्या घरात, वाडीत किंवा हाताखाली कोणी १०८ चा ड्रायव्हर असेल, रेस्क्यू ग्रुपमधला मुलगा असेल, पंचनाम्याला जाणारा पोलीस किंवा पोलीस पाटील, आशाताई, बीचवरचा जीवरक्षक, पीएम रूममधला (जिथे पोस्टमॉर्टेम होतं तिथला) सफाई कामगार, रेल्वेचा गँगमन, कोणीही, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी वीसेक वर्षं कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते आणि आता आमच्या तालुक्यातल्या रेस्क्यूच्या मुलांची घरची बाजू बघते, म्हणजे मुलं कॉलवरून परत आली की पुढे त्यांचं काय होतं, कोण झोपत नाही, कोण जेवत नाही, कोणाची बायको घाबरून फोन करते, ते सगळं.

आपल्याकडे हे काम वेगळं का आहे ते आधी सांगते. मोठ्या शहरात अग्निशमन दलाचा माणूस एका इमारतीतून अनोळखी माणूस काढतो आणि ड्युटी संपली की दुसऱ्या भागातल्या आपल्या घरी जातो. आपल्याकडे तसं होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसट्या वाहून गेल्या, नंतर कितीतरी दिवस खाडीत आणि पार समुद्राच्या अंगाला बॉडी मिळत होत्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं घेऊन निघालेली बस दरीत गेली, ३० जण गेले, एकच वाचला. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं. २२ जुलै २०२१ ला इकडे चिपळूण पाण्याखाली आणि त्याच दिवशी तिकडे तळियेत दरड आली, ८० हून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, २७ बॉडी मिळाल्या आणि ५७ जण सापडलेच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला, आणि तिथे तर मशीन जायला रस्ताच नव्हता, चढून जायचं आणि हाताने उकरायचं, चढतानाच अग्निशमन दलाचा एक अधिकारी हार्ट अटॅकने गेला. या सगळ्या ठिकाणी आधी खाली उतरली ती आजूबाजूच्या गावांतली पोरं, ट्रेकिंगवाली, मच्छीमार, गावातले जेसीबीवाले. एनडीआरएफ पुण्याकडून घाट उतरून येईपर्यंत पहिले तास यांचेच असतात.

आणि ज्याला काढायचं तो ओळखीचा असतो. शाळेत बरोबर असलेला, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला, ज्याच्या टेम्पोतून गणपती आणलेला. परत दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून गाडी न्यायची, त्याच घरासमोरून दूध आणायला जायचं. त्यामुळे पुस्तकात लिहिलेलं "कामापासून लांब राहा, ब्रेक घ्या" वगैरे इथे चालत नाही, तो राहतोच तिथे. म्हणून मदतही वाडीतूनच व्हायला पाहिजे आणि ती एका दिवसाची नसावी. मी महिन्यांप्रमाणे सांगते.

पायरी १: मे महिना, पाऊस लागायच्या आधी

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि सगळ्यात कमी लोक हे करतात. दोऱ्या, लाइफ जॅकेट, टॉर्च तपासायला ग्रुप बसतो ना, त्याच दिवशी अजून दोन तास काढा.

पहिलं, एक वही करा. प्रत्येकाचं नाव, घरच्या माणसाचा नंबर (बायको, आई, भाऊ, जो खरंच फोन उचलतो त्याचा), घरी लहान पोर आहे का, घरात सध्या काही चाललंय का. ज्याच्या घरी गेल्या दोन-तीन महिन्यांत मयत झालंय किंवा ज्याची बायको बाळंत व्हायचीय त्याला बॉडीच्या कामाला पुढे घालायचं नाही, दोरी धरायला, गाडीवर, फोनवर ठेवायचं. हे घटनेच्या जागी आठवत नाही, वहीत असलं की बघता येतं.

दुसरं, जोड्या. दोघं दोघं, आणि जोडी लीडरने लावायची नाही, ज्याची ज्याच्याशी पटते ती त्यांनीच ठरवायची. जोडीतल्या दोघांनी एकमेकांना एकच गोष्ट सांगायची: माझं बिनसलं की मी काय करतो. कोणी गप्प होतो, कोणी पोरांवर ओरडतो, कोणी प्यायला बसतो, कोणी नको इतकं काम करायला लागतो. आमच्यातल्या एकाने सांगितलं होतं, "मी हसायला लागतो, सारखे जोक मारतो, तेव्हा समज की मी बरा नाय." तेव्हा सगळ्यांना ते विचित्र वाटलं होतं पण पुढे एका रात्री त्याच्या जोडीदाराला बरोबर कळलं आणि तो त्याला बाजूला घेऊन गेला.

तिसरं, नवीन मुलाला आधी स्पष्ट सांगा की काय बघायला लागेल. तीन दिवस पाण्यात असलेली बॉडी फुगते, कातडी हाताला सुटून येते, चेहरा ओळखू येत नाही, वास कपड्यांत राहतो. फोटो दाखवायचे नाहीत, साध्या शब्दांत सांगायचं, शांतपणे. घाबरवायला नाही, तर अचानक समोर आलं की माणूस जास्त हादरतो म्हणून. आणि हे ऐकून एखादा म्हणाला की मला जमणार नाही, तर त्याला चहा-पाणी, नातेवाईक, रस्ता मोकळा करणं ही कामं द्या. ती कामंही तितकीच लागतात.

चौथं, एक नियम सगळ्यांसमोर ठरवा: "आज मला नको" असं कोणीही म्हणू शकतो आणि त्याला कोणी का म्हणून विचारायचं नाही. लीडरने स्वतः एकदा तरी तो वापरून दाखवला पाहिजे, नाहीतर पोरं कधीच वापरणार नाहीत.

पायरी २: घटनेच्या जागी

इथे काउन्सेलिंग वगैरे काही नसतं, इथे फक्त माणसाच्या डोळ्यासमोर कमीत कमी कसं येईल एवढं बघायचं. कारण जेवढं जास्त बघितलं आणि जेवढा वेळ बघितलं तेवढं नंतर जड जातं, हे साधं आहे.

ज्याची गरज नाही तो जवळ नको. बॉडी मिळाली की लगेच झाकायची. चेहऱ्याकडे बघत बसायचं नाही, हातातल्या कामाकडे बघायचं, "डावीकडे धर, उचल, चल". आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, खिशातलं पाकीट, मोबाईल, शाळेचं दप्तर, हातातला गंडा, बांगड्या, हे बॉडीपेक्षा जास्त आत लागतं. अनुभवी माणसंसुद्धा तिथे मोडतात, कारण बॉडी म्हणजे काम असतं पण दप्तरावरचं नाव म्हणजे पोर असतं. म्हणून सामान बघायचं, लिहायचं, पोलिसांकडे द्यायचं काम एकाच माणसाकडे द्या, शक्यतो ज्याने बॉडी काढलेली नाही त्याच्याकडे, आणि त्यालाही दिवसभर तेच देऊ नका.

बदली ठेवा. आम्ही साधारण अर्ध्या तासाने माणूस मागे घेतो, वेळ बघायला एक जण हातात घड्याळ घेऊन वेगळा. मागे आलेल्याला पाणी, मीठ-साखर किंवा कोकम सरबत, बसायला कोरडी जागा आणि नातेवाइकांकडे पाठ. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण रडणाऱ्या माणसांसमोर बसून कोणालाच घास गिळवत नाही, आणि आपल्या पोरांना तर वाटतं की लोक बघतायत, आपण कसं खायचं. दोन ताडपत्र्या आडव्या लावल्या तरी पुरे.

ओळखीचा किंवा नात्यातला निघाला तर? आपल्याकडे हे होणारच. तेव्हा त्याला हाताला धरून लगेच मागे घ्या, पण पुढचं त्यालाच विचारा. काही जणांना आपल्या माणसाला आपणच काढायचं असतं आणि तसं करू दिलं नाही तर आयुष्यभर बोच राहते. काहींना अजिबात नको असतं. दोन्ही बरोबरच आहे. आपण ठरवायचं नाही.

मोबाईल. घटनेच्या जागचे फोटो ओळख पटवायला लागतात हे खरं, पण ते एका फोनवर एकाच माणसाने काढायचे आणि थेट पोलिसांना द्यायचे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. मेलेल्या माणसाचा मान म्हणून तर नाहीच, पण टीममधल्या पोरांसाठीही नाही. दिवसभर काम करून घरी आलेला मुलगा रात्री फोन उघडतो आणि सातव्यांदा तेच बघतो. रेस्क्यूच्या ग्रुपवर आमचा नियम कडक आहे: जागा, वेळ, काय सामान पाहिजे, एवढंच. फोटो टाकणाऱ्याला काढतात.

वासासाठी नाकाखाली बाम लावायची सवय बऱ्याच जणांना आहे. आमच्यातल्या एकाला त्यानंतर घरात आईने गुडघ्याला बाम चोळला तरी ओकारी यायची, जवळजवळ वर्षभर. वास आणि आठवण एकदा जोडली गेली की सुटता सुटत नाही. म्हणून मी साधा मास्क, तोही बदलत राहा, असं सांगते.

पायरी ३: पहिली रात्र

एकट्याला बाईकवर घरी पाठवू नका. दमलेला, डोकं जागेवर नाही, पाऊस, घाटाचा रस्ता. जोडीने किंवा चारचाकीतून सोडा आणि घरात गेलेला बघून या.

घरच्यांना आधी फोन करून सांगा की तो निघालाय, पाणी तापवून ठेवा. मयताहून आल्यावर आपण उंबरठा ओलांडायच्या आधी आंघोळ करतोच ना, मागीलदारी चुलीवर पाणी ठेवतात तसं. ही आपली जुनी पद्धत इथे फार उपयोगाची आहे. कपडे बाहेरच भिजवायचे, नंतर आत. शरीराला कळतं की ते तिकडे राहिलं आणि मी इथे आलो.

जेवायला मऊ भात, पेज, जे जाईल ते. मासे-मटण त्या दिवशी करू नका, नंतरही तो मागेल तेव्हाच. हे मला एका ड्रायव्हरच्या बायकोने शिकवलं, तिने प्रेमाने बांगडे तळले होते आणि तो ताटावरून उठून गेला. तिचं काय चुकलं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

विचारायचं काय? "जेवतोस ना?" "अंग दुखतंय का?" "मी इथेच बसू का आत जाऊ?" एवढंच. "काय झालं तिकडे, किती होते, कसे होते" हे विचारायचं नाही, शेजाऱ्यांनाही विचारू द्यायचं नाही. शेजारी येणारच, त्यांना पडवीतच थांबवायचं काम घरातल्या मोठ्या माणसाने करायचं. तो आपणहून बोलायला लागला तर ऐकायचं, मधे थांबवायचं नाही, आणि "विसरून जा", "तू एवढा मजबूत गडी", "देवाच्या मनात होतं", "कमीत कमी तू एवढ्यांना तरी काढलंस" यातलं काहीही बोलायचं नाही. यातली वाक्यं चांगल्या मनानेच येतात पण ऐकणाऱ्याला वाटतं की बोलणं बंद करायला सांगतायत. "हूं", "कठीण होतं रे", "बोल, मी आहे" पुरतं.

आता दारूबद्दल. हे कोणी उघड लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बॉडी काढणाऱ्याला आणि पीएम रूममध्ये काम करणाऱ्याला दारू पाजायची, त्याशिवाय जमत नाही, अशी आपल्याकडे कितीतरी वर्षांची रीत आहे. कामाच्या आधी क्वार्टर, नंतर क्वार्टर, आणि ती देणारा माणूस मदत केल्यासारखं देतो. दारूने डोळा लागतो पण मध्यरात्री उघडतो, झोप तुटकी होते, आणि तुटक्या झोपेत मेंदूला दिवसभरातलं नीट लावून ठेवता येत नाही. महिनाभर रोज घेतली की दुखणं तिथेच आणि वर हे दुसरं दुखणं. मी माझ्या दवाखान्यात या पायी एक चांगला माणूस संपलेला बघितलाय, पन्नाशीही गाठली नाही त्याने. ग्रुपने एवढं तरी ठरवा की ग्रुपच्या पैशाने, ग्रुपच्या गाडीत बाटली येणार नाही, जेवण येईल.

झोपेची गोळीही स्वतः मेडिकलमधून आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की अशा धक्क्यानंतर पहिल्या महिन्यात त्या सवय लागणाऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत.

पायरी ४: पहिला आठवडा, दहावं-बारावं होईपर्यंत

या दिवसांत काय काय होतं ते घरच्यांना सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. झोप न लागणं, दचकून उठणं, डोळ्यासमोर एकच चित्र येणं, भूक जाणं, हात थरथरणं, छाती धडधडणं, चिडचिड, मधेच रडू येणं किंवा काहीच न वाटणं. पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बाहेर जाणं. हे वेड नाही आणि बाधाही नाही. धोक्यातून वाचायला शरीराने जे इंजिन चालू केलं ते बंद व्हायला काही दिवस लागतात. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप खाली येतं, नीट झोप, जेवण, माणसं आणि थोडं हातपाय हलवायचं काम मिळालं तर.

बाधेचा विषय निघालाच आहे तर सांगते. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, त्या जागी काहीतरी लागलं, देवळात गाऱ्हाणं घालूया, नारळ देऊया. घाला. त्याला स्वतःला बरं वाटत असेल तर जरूर घाला, गाव त्याच्यासाठी उभं राहिलं हे त्यातून त्याला दिसतं. फक्त मारहाण, उपाशी ठेवणं, रात्र रात्र जागवणं, हजारो रुपये मागणं असं काही सुरू झालं तर तिथेच थांबा, आणि डॉक्टरचं चालू असेल तर ते थांबवू नका.

ग्रुपने चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा एकत्र बसावं. पण कसं, ते नीट वाचा, कारण इथे मोठी चूक होते. एका घटनेनंतर आमच्या मुलांना एका हॉलमध्ये बोलावलं होतं, खुर्च्या गोल मांडल्या, बाहेरून आलेल्या माणसाने सांगितलं की एकेकाने उठून काय बघितलं ते सगळं सविस्तर सांगायचं, मन मोकळं होईल. तिसऱ्या मुलाने लहान बाळाचं सांगितलं आणि ज्याच्या घरी सहा महिन्यांचं पोर होतं तो उठून निघून गेला, परत ग्रुपमध्ये आलाच नाही. ज्याने ते बाळ बघितलंच नव्हतं त्यालाही आता ते दिसायला लागलं होतं. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायची जी पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत निघाली, तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींना उलट वाढतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलंय आणि म्हणून आता ती करू नका असंच सांगतात.

मग काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक आहे, त्यात तीन शब्द आहेत, बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे कोण गप्प आहे, कोण आलाच नाही, कोण तिसऱ्या दिवशीही त्याच कपड्यात आहे. ऐका म्हणजे जेवढं सांगेल तेवढंच. जोडून द्या म्हणजे त्याला जे लागतंय तिथे त्याला नेऊन पोचवा, मग ते बँकेचं काम असेल, पोराची फी असेल नाहीतर डॉक्टर. आमची बैठक अशी असते: चहा, कांदापोहे, काम कसं झालं यावर बोलायचं (दोरी कमी पडली, वॉकीटॉकी बंद पडला, गाडी उशिरा आली), काय दिसलं यावर नाही. मग मी पाच मिनिटं वरची झोप-भुकेची यादी सांगते, फोन नंबर देते, आणि सांगते की उद्यापासून मी एकेकाकडे येणार आहे. बस. अर्धा तास.

आणि खरंच जाते. हातात काहीतरी घेऊन, आंब्याची पोळी, फणसपोळी, म्हणजे तपासायला आल्यासारखं वाटत नाही. तो बोलला नाही तर त्याच्या आईशी बोलते. जाताना सांगते, "पुढच्या बुधवारी परत येते." आणि बुधवारी जायचं, पाऊस असला तरी, कारण एकदा सांगून गेलो नाही की मग त्याचा भरवसा जातो.

ज्यांना कोणी मोजत नाही

रेस्क्यूच्या मुलांचे निदान फोटो येतात, सत्कार होतात. पण आशाताईच्या मांडीवर अॅम्ब्युलन्समध्ये बाळंतीण जाते, आणि महिन्याने तिलाच त्या घरी परत लसीकरणाला जायचं असतं, सासू दारात उभी असते. जीवरक्षकाने ओरडून सांगितलेलं असतं की भरती आहे, पाण्यात जाऊ नका, आणि शेवटी त्यानेच ओढून आणलेल्या मुलाचे नातेवाईक त्यालाच मारायला धावतात. लोको पायलटला समोर माणूस दिसतो आणि ब्रेक लावूनही गाडी थांबत नाही. पीएम रूममधल्या माणसाला तर घरचेसुद्धा विचारत नाहीत, त्याच्या हातचं पाणी न पिणारे लोक मी बघितलेत, आजही.

यांच्यासाठी वेगळं काही मोठं लागत नाही. आशाताईबरोबर त्या घरी पहिल्या वेळी दुसरी आशा किंवा सिस्टर जोडीला पाठवा. जीवरक्षकाला त्या दिवशीची उरलेली ड्युटी देऊ नका, आणि सरपंच किंवा नगराध्यक्षाने त्याच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगावं की तुझी चूक नव्हती. पीएम रूममधल्या माणसाला मेडिकल ऑफिसरने काम झाल्यावर स्वतःच्या टेबलावर बसवून चहा पाजावा. मी हे एका डॉक्टरांना रोज करताना बघितलंय आणि त्यांच्या वेळी तो माणूस कमी प्यायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पायरी ५: महिना झाल्यावर

महिना ही खूण लक्षात ठेवा. महिनाभरानंतरही खालचं चालूच असेल तर आता ते आपोआप जाईल म्हणून वाट बघायची नाही:

- तीच स्वप्नं, जागेपणी तेच परत घडतंय असं वाटणं
- तो रस्ता, ती नदी, तो आवाज टाळणं, त्यासाठी लांबचा फेरा मारणं
- सतत सावध, दरवाजा वाजला की उडणं, पोरांना पावसात घराबाहेर न सोडणं
- "मी दोन मिनिटं आधी गेलो असतो तर" हे रोजचं
- बायकापोरांपासून तुटल्यासारखं, कशातच मन नाही
- रोज दारू, किंवा बाईक अंगात आल्यासारखी चालवणं

याला पीटीएसडी म्हणतात, धक्क्यानंतरचा आजार. आणि तो फक्त ज्याच्यावर दरड पडली त्यालाच होतो असं नाही, काम म्हणून पुन्हा पुन्हा मानवी अवशेष गोळा करणाऱ्यालाही होतो, हे २०१३ पासून डॉक्टरांच्या अमेरिकन निदानपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. "तुला काय झालं, तुझं कोण गेलं" असं विचारणाऱ्यांना हे सांगा.

कुठे जायचं? १४४१६ हा टेली मानसचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. गावात कोणाला कळायला नको असेल त्याच्यासाठी हे सगळ्यात सोपं, समुद्रावर जाऊन फोन लावायचा. प्रत्यक्ष दाखवायचं तर अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथल्या जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची माणसं असतात, रत्नागिरीला १८८६ सालापासूनचं मनोरुग्णालय आहे. आता त्या नावालाच लोक घाबरतात, "रत्नागिरीला पाठवायला पाहिजे" ही आपल्याकडे चेष्टा आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी पहिल्यांदा स्वतः बरोबर जाते, ओपीडीत बसते, आणि येताना आम्ही कुठेतरी जेवून येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क पेशंटला आहे, हे त्याला आधीच सांगा, नोकरीची भीती त्यामुळे थोडी कमी होते.

उपचार असतात आणि ते लागू पडतात. त्या आठवणीवरच नीट, सावकाश, प्रशिक्षित माणसाबरोबर काम करायच्या पद्धती आहेत, साधारण ८ ते १२ बैठका लागतात, काहींना गोळ्याही लागतात. हॉलमधल्या त्या गोलात आणि यात हाच फरक आहे, इथे एकटा पेशंट असतो, त्याच्या वेगाने चालतात, आणि पुढच्या आठवड्यात परत भेटतात.

जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारा. "तुला कधी असं वाटतं का की आपण नसलेलं बरं?" विचारल्याने डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, आंब्याच्या कलमांवर फवारायचं औषध घरातून आणि मांगरातून (बागेतल्या खोपटातून) हलवायचं, १४४१६ ला त्याच्याबरोबर बसून फोन लावायचा, आणि लगेच धोका वाटला तर १०८ बोलावून दवाखान्यात. हे रात्री अकराला असेल तरी.

लीडर आणि साहेब लोकांसाठी थोडं

सत्कार ठेवा पण आधी विचारा, आणि स्टेजवर प्रसंग सांगायला लावू नका. सलग दोन वाईट कॉल एकाच माणसाला नकोत, ड्युटीचा तक्ता बदला. कायम नोकरीवाल्याला रजा मिळते, कंत्राटी ड्रायव्हर, आशा आणि स्वयंसेवकाला नाही, ते घरी बसले की रोजी बुडते, म्हणून ग्रुपच्या खात्यात थोडे पैसे फक्त यासाठी बाजूला काढा आणि देताना हिशोब विचारू नका. मुंबईतले चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा मंडळाला देणगी देतात, त्यांना हे काम सांगितलं तर ते यालाही देतात, आम्ही मागून बघितलंय. आणि लीडर, तुमचाही जोडीदार पाहिजे. बहुतेक ठिकाणी सगळ्यांची चौकशी करणारा माणूसच शेवटी एकटा राहतो.

पायरी ६: पुढचा जुलै

वर्ष गेलं की सगळ्यांना वाटतं झालं. पण आपल्याकडे पाऊस दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच आवाजात येतो. मोबाईलवर रेड अलर्टचा मेसेज वाजला की पोटात गोळा येतो, नदीचं पाणी गढूळ झालं की झोप जाते. बरा झालेला माणूसही त्या आठवड्यात परत बिघडू शकतो आणि त्याला वाटतं आपण मागे गेलो. मागे गेला नाही, ती तारीख आली. त्याला हे आधीच, जूनमध्ये सांगून ठेवा.

आमच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या वाईट तारखा लिहिलेल्या आहेत. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी जोडीदार त्याच्या घरी जातो, जमलं तर रात्री तिथेच झोपतो. काही विशेष बोलत नाहीत, कधी पत्ते खेळतात, कधी कुर्ल्या पकडायला जातात. गेल्या वर्षी त्या ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला, जिने बांगडे तळले होते ती. मी घाबरूनच उचलला. म्हणाली, "ताई, काही नाही, दोघेही पडवीत घोरतायत, म्हटलं सांगावं."